विथ म्हणजे काय, ते उद्या सांगतो

या अंकाच्या संपादकांचा फोन आला, की सर, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, काही अनुभव लिहा. मी पटकन म्हणालो, "उद्या सांगतो." फोन ठेवल्यावर घरात हशा पिकला. बायको म्हणाली, त्यांना कल्पना नसेल, पण तुमचा उद्या म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर. तिचं खरं आहे. हा लेख त्या 'उद्या'बद्दलच आहे, आणि ज्या एका शब्दापायी तो माझ्या अंगाशी आला, त्या शब्दाबद्दल. तो शब्द आहे 'विथ'. इंग्रजीतलं अगदी रोजचं, फुटकळ शब्दयोगी अव्यय. पाचवीच्या पोरालाही येतं. मला आलं नाही.

आधी एक कबुली. मी इंग्रजीचा नव्हेच. मी इतिहासाचा. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीपासून आत असलेल्या एका गावच्या शाळेत इतिहासाच्या जागेवर लागलो. (गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून लग्नाकार्याला जायचं असतं.) पहिल्याच महिन्यात इंग्रजीचे सर बदली करून निघून गेले. हेडमास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी खाली पाहिलं, मी नवा असल्यामुळे मला खाली पाहायला उशीर झाला. ते म्हणाले, तात्पुरतं घ्या, एक वर्ष. ते वर्ष एकतीस वर्षांनी संपलं.

आता खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवतात म्हणजे काय करतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यांना वाटतं आम्ही इंग्रजी बोलतो. कशाला बोलू? सर धड्यातली एक ओळ वाचतात, मग तिचा मराठी अर्थ सांगतात, मग पुढची ओळ. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरवून देतात. मुलं ती वहीत उतरवतात, पाठ करतात, पेपरात पुन्हा उतरवतात. या सगळ्या उतरवाउतरवीत इंग्रजी कुणाच्या डोक्यात शिरत नाही, पण निकाल लागतो. माझा निकाल कधी वाईट लागला नाही. माझ्यासमोर कुणी इंग्रजीत बोललं की मी हसून मान हलवत असे. या हसण्यावर माझी अर्धी नोकरी निघाली.

गावात मात्र माझं नाव मोठं. इंग्रजी छापलेला कोणताही कागद माझ्या दारात यायचा. फवारणीच्या डब्यावरची चिठ्ठी, टीव्हीचं पुस्तक, मुलीच्या सासरहून आलेली तार. एकदा एका मोठ्या शेतकऱ्याला मुलाच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत हवी होती, कारण नवरी अकोल्याची होती. मी दोन दिवस दार लावून बसलो. मला खात्रीनं येणारा एकच शब्द होता, तो मी सढळ हातानं वापरला. विथ फॅमिली, विथ फ्रेंड्स, विथ आशीर्वाद, विथ भोजन. पत्रिका छापून आली, लोकांनी कौतुक केलं. अकोल्याच्या पाहुण्यांपैकी एक जण लग्नात माझ्याजवळ येऊन म्हणाला, सर, पत्रिका तुम्हीच लिहिली का? मी हसून मान हलवली.

अशा माणसाला वर्गात सर्वांत मोठी भीती कशाची असेल? प्रश्नाची. त्यावर मी एक पद्धत बसवली होती. पोरानं प्रश्न विचारला की लगेच शाबासकी द्यायची. "छान प्रश्न आहे. उद्या सांगतो." मग त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवायचं. खडू येईपर्यंत वर्ग पुढं गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी पोरगा विसरतो, कारण पोरं विसरतातच. न विसरणाऱ्याला वर्गाचा मॉनिटर करायचं, म्हणजे तो इतरांवर ओरडण्यात गुंततो. माहीत नाही, हे दोन शब्द मी वर्गात कधी उच्चारले नाहीत. त्याचा मला अभिमान होता. मास्तराला माहीत नसलं तर पोरांनी कुणाकडं पाहायचं, असं मी तरुण सहकाऱ्यांना सांगत असे. हसू नका, खरंच सांगत असे.

आठवीला शब्दयोगी अव्ययं शिकवायची माझी एक ठरलेली रीत होती. डस्टर टेबलावर ठेवलं की ऑन, टेबलाखाली धरलं की अंडर, खोक्यात टाकलं की इन. 'विथ' आलं की दोन मुलांना पुढं बोलवायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभं करायचं आणि सांगायचं, विथ म्हणजे सोबत. एका वर्षी मी ज्या दोन मुलींना बोलावलं त्यांचं सकाळीच हापशीवर पाण्यावरून भांडण झालं होतं. वर्ग खिदळला. त्या दोघींनी बोटाच्या टोकांनी एकमेकींचे खांदे धरले. मी घोषणा केली, विथ म्हणजे सोबत, लिहून घ्या.

त्या दोघींपैकी एक होती प्रज्ञा. बौद्धपुऱ्यातली. वडिलांचं नाव उत्तम, ते मालेगावच्या बाजारात हमाली करायचे आणि वेळ मिळेल तशी दुसऱ्याच्या शेतात मजुरी. पोरगी सडसडीत, दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना थेट डोळ्यांत बघायची. जागेवर जाता जाता ती थांबली. "सर, हे आमी दोघी सकाळी भांडलो. इंग्रजीत याले 'फाइट विथ' म्हणते ना? मंग ऐकणाऱ्याले समजन कसं, मी हिच्या बाजूनं भांडली का हिच्या विरोधात?"

मी म्हणालो, छान प्रश्न आहे, उद्या सांगतो. तिला खडू आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती विसरली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला पाण्याचा माठ भरायला पाठवलं, हजेरीपट द्यायला पाठवलं, मॉनिटर केलं. ती सगळं करून यायची आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी. "सर, तो विथ." जसा काही मी तिचा विथ उसना घेऊन पळालो होतो. महिनाभर हे चाललं. मी व्हरांड्यातून जाणं सोडून शाळेच्या मागून स्टाफरूमला जायला लागलो. चाळिशीतला, चष्मा लावलेला माणूस तेरा वर्षांच्या पोरीला भिऊन मुतारीच्या बाजूनं चोरासारखा जातोय, हे हेडमास्तरांनी एकदा पाहिलं. पोट बिघडलंय असं मी त्यांना सांगितलं.

आणि अशात तपासणी आली.

तपासणी म्हणजे काय हेही सांगायला हवं. पंधरा दिवस आधी शाळा झाडून निघते, भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू. साहेब ज्या वर्गात येणार त्या वर्गाचा पाठ आधीच तीनदा शिकवून झालेला असतो. प्रश्न ठरलेले, उत्तर देणारे बाक ठरलेले. हात सगळ्यांनी वर करायचा, विचारणार मात्र पहिल्याच बाकाला. माझा पाठ झकास चालला होता. साहेब मागच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. पाठ संपला. साहेब उठले, कौतुकानं वर्गाकडे पाहिलं आणि ठरलेलं नसलेलं वाक्य बोलले, "मुलांनो, कुणाला काही शंका?"

तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

तिनं तोच प्रश्न विचारला, आणखी नीट, एका महिन्यात घासून पुसून घेतलेला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हां, सांगा गुरुजी."

त्या क्षणी काय काय करता आलं असतं याची यादी मी पुढं अनेक वर्षं केली आहे. साहेब, मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. आपण शोधू, असं म्हणता आलं असतं. मी साहेबांच्या कानाशी लागलो आणि म्हणालो, "साहेब, ती पोरगी जरा मंद आहे. महिनाभर एकच गोष्ट समजावून सांगतोय, तिच्या डोक्यात शिरत नाही."

मला वाटलं हळू बोललो. चाळीस पोरांनी ऐकलं. साहेबांनाही उत्तर माहीत नसावं, कारण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं का? बैस बेटा, बैस," ते म्हणाले. ती बसली. बसताना माझ्याकडे पाहत होती, रडत वगैरे नव्हती. ऐकण्यात काही चुकलं का, असा तिचा चेहरा होता. तो हात त्यानंतर माझ्या वर्गात पुन्हा वर आला नाही.

इथं संपलं असतं तर मी ते पचवून टाकलं असतं, माझं पोट मजबूत होतं. पण सरकारी कामात बोललेलं वाऱ्यावर जात नाही. जाताना साहेबांनी शेरेपुस्तकात लिहिलं की वर्गातील मंदगती विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पाठवावा. शेरा आला की त्याचं पालन आलं, पालन आलं की यादी आली. हेडमास्तर म्हणाले, नावं द्या. मी सहा नावं दिली. पाच खरोखरच इंग्रजीत कच्ची होती. पहिलं नाव तिचं टाकावं लागलं, कारण साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेली मंद मुलगी ती एकच. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादीही मीच लिहिली आणि सूचनाफलकावर लावली. मंदगती विद्यार्थी, इयत्ता आठवी. एक : प्रज्ञा. आईबापांनी काय विचार करून नाव ठेवलं असेल, आणि मी ते कुठं नेऊन लावलं.

तिसऱ्या दिवशी उत्तम शाळेत आला. मी तेव्हा त्याला अरे-तुरेच करायचो, आम्ही दोघं एका वयाचे असूनही. अंगावर पांढरा स्वच्छ शर्ट, हमालीचा नव्हे. मला वाटलं भांडायला आला. तो व्हरांड्यात चपला काढून उभा राहिला, आणि माझ्याखेरीज कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला. "सर, खरं सांगा. पोरीच्या डोक्यात काई कमी हाय काय? दवाखान्यात दाखवू काय तिले?"

मी म्हणालो, "तसं काही नाही रे. पाहू आपण. उद्या बोलू."

तो उद्यापर्यंत थांबला नाही. बापाला कसा धीर निघेल? दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तो तिला वाशिमच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं तिला काय काय विचारलं, पाढे म्हणायला लावले, आणि पोरगी चांगली ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं. एका दिवसानं तो पुन्हा आला. डॉक्टर म्हणतात रोग काही नाही, असं म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच त्यानं हात जोडले. "म्हणजे मंग सारं तुमच्याच हाती हाय सर. तिले सुधरवा."

मी तिला सुधारायला घेतलं. रोज शाळेआधी एक तास, सहा जणांचा जादा वर्ग. ती एकही दिवस चुकली नाही. आली की मागं बसायची, दिलेलं पाच मिनिटांत करायची आणि उरलेल्या वेळात बाकीच्या पाचांना समजावून सांगायची, तेही वऱ्हाडीत, हळूच. ती पाचही पोरं त्या वर्षी पास झाली. ती माझ्यामुळे झाली नाहीत हे मला आणि तिला माहीत होतं. अहवालात मी लिहिलं, प्रगती समाधानकारक. साहेबांनी शेरा दिला, 'उत्तम'. शाळेच्या कार्यक्रमात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. नारळ खवट निघाला, पण शाल अजून आहे.

एक गोष्ट मी स्वतःलाच विचारायला फार वर्षं लावली. ती पोरगी गावच्या पाटलाची असती, तर मी साहेबांच्या कानात तेच बोललो असतो का? नसतो. दुसरा दिवस उजाडायच्या आत पाटील दारात असते, हे मला ठाऊक होतं. उत्तम येईल तो हात जोडून येईल, हेही ठाऊक असावं. असावं म्हणतो, कारण सरळ 'होतं' म्हणायला अजून जीभ वळत नाही. हा प्रश्नही मी रोज उद्यावर ढकलत आलो.

प्रज्ञा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली, पुढं शिकली, आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागली. नोकरी लागली तेव्हा उत्तम पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आला. सगळ्या स्टाफसमोर त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, की पोरगी लहानपणी डोक्यानं कमी होती, सरांनी सकाळचे तास घेऊन तिला माणसात आणलं. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. मी दोन पेढे खाल्ले. एक खाऊन थांबता आलं असतं, तेही केलं नाही. त्यानंतर तो कुठंही भेटो, मेडशीच्या स्टँडवर, लग्नात, आठवडी बाजारात, लांबून पिशवी खाली ठेवून दोन्ही हात जोडायचा आणि सोबतच्या माणसाला सांगायचा, "याच सरायनं माह्या पोरीले सुधरवलं." मी हसून मान हलवायचो.

निवृत्तीनंतर वाशिमला घर केलं. वेळ जाईना म्हणून ग्रंथालयात जाऊन बसायला लागलो. तिथं खालच्या कप्प्यात एक इंग्रजीचा भला जाडा कोश होता, शब्दांची कुळंमुळं सांगणारा. नोकरीत असताना असल्या पुस्तकाला मी हात लावला नसता, कारण त्यात आपलं अज्ञान सापडण्याची भीती. आता पेन्शन सुरू झालं होतं. एका दुपारी तो उघडला आणि थेट 'विथ'वर गेलो. एक पान पुरं करायला मला तीन दुपारी लागल्या.

काय निघालं म्हणता? फार जुन्या इंग्रजीत 'विथ'चा अर्थ सोबत नव्हताच. समोर, कडे, विरुद्ध, असा होता. सोबत म्हणायला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, 'मिड'. मग विरुद्धवाला 'विथ' हळूहळू सोबतीच्याही कामाला लागला आणि त्यानं 'मिड'ला घराबाहेर काढलं. 'विथस्टँड'मध्ये तो जुना विरोध अजून टिकून आहे, म्हणजे समोरून येणाऱ्याला न हटता तोंड देणं. आणि बिचारा 'मिड' उरला तो सुईणीसाठी असलेल्या 'मिडवाइफ' या शब्दात, बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. आता 'फाइट विथ' कुणाच्या बाजूनं ते मागचंपुढचं वाक्य पाहूनच ठरवायचं, शब्दावरून कळत नाही. म्हणजे पोरीनं बोट ठेवलं ते अगदी नेमक्या जागी. शेकडो वर्षांपूर्वी जिथं त्या शब्दानं कूस बदलली, तिथंच.

आणि खरी चपराक तर पुढंच होती. आपल्या वऱ्हाडीत आपण काय म्हणतो? तिच्यासंगं खेळलो, तिच्यासंगं भांडलो. दोन्हीकडे 'संगं'च! एवढं सांगितलं असतं तरी आठवीच्या पोरीचं समाधान झालं असतं. त्याला कोश लागत नव्हता, इंग्रजीही लागत नव्हती. आईच्या तोंडून शिकलेली भाषा पुरेशी होती. मी ग्रंथालयात बसून स्वतःच्याच कपाळावर हात मारला, तर ग्रंथपाल बाईंनी पाणी आणून दिलं.

मी ते सगळं एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. उतरवण्यात मी पक्का. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, प्रज्ञाला सांगायचं म्हणून. ती वाशिम ते अकोला गाडीवर असते, हे मला माहीत होतं. माझी मुलगी अकोल्याला, माझे डोळ्यांचे डॉक्टरही तिथलेच, त्यामुळे माझं जाणं नेहमीचं. तेव्हा सांगणं फार सोपं होतं, नाही का? मी तिच्या ड्यूटीच्या वेळा पाठ केल्या आणि त्या गाड्या टाळायला लागलो. तिची गाडी लागली की पानठेल्यामागं जायचं, ती सुटली की काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायचं. सदुसष्ट वर्षांचा मी, एसटीत अर्धं तिकीट लागतं, तरी दोन वर्षं पूर्ण पैसे देऊन मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन जात होतो. चिठ्ठी तीनदा धुतली गेली, तीनदा नवी लिहिली.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस काळीपिवळ्या बंद होत्या आणि डॉक्टरांनी अकराची वेळ दिलेली. गाडी लागली ती तिचीच. मी टोपी कानापर्यंत ओढली आणि शेवटून दुसऱ्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसलो. ती तिकिटं फाडत, म्हणजे आता मशीनवर दाबत, मागं आली. चाळिशीची, खाकी वर्दी, वेणी एकच. मी खिडकीकडचं तोंड न वळवता आधार कार्ड पुढं केलं आणि म्हणालो, "एक अर्धं, अकोला."

तिनं कार्ड पाहिलंसुद्धा नाही. "सर, काळीपिवळी नाई भेटली काय आज? दोन वर्षांपासून पाहून राह्यली मी तुमाले, पानठेल्याच्या मांगं."

आता टोपी काढण्यावाचून इलाज नव्हता. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि वर्गात वाचावी तशी वाचायला लागलो. विथ म्हणजे आधी विरुद्ध, मिड म्हणजे सोबत, सुईण, सगळं. गाडी मालेगावच्या दिशेनं उसळत होती, अक्षरं हलत होती. मधेच एका आजीनं सुटे पैसे मागितले, ते देऊन ती परत आली. पुढं बोला म्हणाली. मी 'संगं'वर पोचलो तेव्हा ती हसली, अगदी मनापासून. "लई सोपं होतं की मंग."

धीर आला तसा मी पुढचंही बोललो. यादीबद्दल, साहेबांच्या कानात बोललेल्याबद्दल. तुझी माफी मागायची आहे, असं म्हणालो. माझा आवाज चमत्कारिक निघाला, पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून पाहायला लागली. तिचं हसू गेलं. तिनं दांडीला पाठ टेकवली.

"मले नको माफी, सर. मले तं माहीतच होतं मी मंद नाई. तुमालेबी माहीत होतं." तिनं तिकिटांचं मशीन काखेत धरलं. "माह्या बापाले नाई माहीत. मी सांगतलं होतं त्याले, पहिल्याच दिवशी, का मी चांगली हाय, सरच खोटं बोलले. तो म्हणे, सर कायले खोटं बोलतीन? आजबी तो लोकायले सांगते, माही पोरगी लहानपणी डोक्यानं कमी होती. माह्या लेकरायसमोर सांगते."

तोंडातून सवयीनं जे निघालं ते निघालं. "बरोबर आहे तुझं. उद्या-परवा एखाद दिवशी मी येतो त्याच्याकडे आणि..."

"उद्या नाई," ती म्हणाली. "सारी शाळा तुमाले उद्या सर म्हणत होती, माहीत हाय काय तुमाले?"

माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्या नावानं ओळखला गेलो आणि पत्ता नाही. तिनं मशीनवर बटणं दाबली आणि तिकीट माझ्या हातात दिलं. चष्मा नीट करून पाहिलं, तर तिकीट अकोल्याचं नव्हतं, मेडशीचं होतं. आता ते सगळे मेडशीलाच राहतात आणि या वेळेला बाबा स्टँडसमोरच्या लिंबाखाली उन्हात बसलेले असतात, एवढं तिनं सांगितलं. अकोल्याला मागून बऱ्याच गाड्या आहेत म्हणाली आणि पुढं निघून गेली.

मेडशीला तिनं घंटी मारली. मी उतरलो. गाडी गेली. समोर उत्तम बसलेला, पांढऱ्या केसांचा, गुडघ्याला मफलर गुंडाळलेला. मला पाहताच काठी बाजूला ठेवून उठला आणि दोन्ही हात जोडले. "या सर, या," म्हणाला, आणि शेजारच्या माणसाकडे वळून सुरू झाला, की याच सरायनं... 

मी त्याचे हात धरले. "उत्तमराव, थांबा," मी म्हणालो. 'राव' म्हणायला मला सत्तावीस वर्षं लागली. "तुमची पोरगी मंद नव्हती. कधीच नव्हती. मला तिच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी साहेबांसमोर खोटं बोललो. तिला मी सुधरवलं नाही. तिच्यात सुधरवायसारखं काही नव्हतंच."

शेजारचा माणूस शहाणा, तो उठून चहाच्या टपरीकडे गेला. मला वाटलं होतं उत्तम चिडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खाली बसला, मलाही बसायला जागा केली आणि विचारलं, "काय इचारलं होतं तिनं?"

मी सांगितलं. हापशीचं भांडण, खांद्यावरचे हात, विथ, सगळं. त्यानं अर्ध्यात थांबवून पुन्हा विचारून घेतलं.

"म्हणजे तिचं बराबर होतं."

"बरोबर होतं."

"मी तिले दवाखान्यात नेलं होतं, सर," तो म्हणाला. "डॉक्टरसमोर ते पाढे म्हणत होती अन् मी भाईर रडत होतो." मग त्यानं नाक पुसलं. "लेहून द्या."

"काय?"

"हे आता बोलले ते. यादी लेहेली होती ना तुमी? भिंतीवर लावली होती. हेबी लेहून द्या."

टपरीवरून मी पेन मागून आणलं. कागद माझ्याकडे होताच, विथची चिठ्ठी. ती उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवली. आता लिहायचं काय, आणि कोणत्या भाषेत? माझ्या हाताला आयुष्यभर एकच लिहायची सवय, ती आपोआप उतरली. विषय : शेऱ्याचे अनुपालन. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी प्रज्ञा ही मंदगती नव्हती. तिने विचारलेला प्रश्न योग्य होता. सदर प्रश्नाचे उत्तर विषयशिक्षकास माहीत नव्हते. खाली सही केली, नाव लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. 'माहीत नव्हते' वाचताना मी अडखळलो, तर त्यानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

मग त्यानं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं ती येते, तेव्हा लेकरांसमोर वाचायला लावतो, असं म्हणाला. माझ्यासाठी चहा सांगितला. आम्ही दोघं चहा प्यायलो. डॉक्टरांची अकराची वेळ केव्हाच टळून गेली होती.

अकोल्याची गाडी आली. मी चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली. उत्तम लिंबाखाली उभा होता. इतक्या वर्षांत त्यानं मला हात जोडल्याशिवाय कधी निरोप दिला नव्हता, म्हणून मी सवयीनं वाट पाहिली. त्याचा एक हात काठीवर होता. दुसरा खिशावरून निघाला नाही.